पाणी बंद पडलं नव्हतं

रिटायर होईपर्यंत दरवर्षी एम.एस्सी.च्या वर्गाला मी एक प्रश्न घालायचे. फळ्यावर सहा कार्बनची साखळी काढायची, तिच्या दोन्ही टोकांना एकेक दुहेरी बंध द्यायचा आणि विचारायचं, हिच्यावर अतिनील उजेड टाकला तर ही दोन टोकं एकमेकांना कशी जुळतील? पोरं पटापट हात वर करायची. टोकं समोरासमोर आणायची, सरळ जोडून टाकायची, चौकोन तयार, हाय काय नि नाय काय! मी म्हणायचे, चूक. पोरांची तोंडं उतरायची, मी हसायचे, आणि आतून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कारण ही चूक त्यांच्या आधी मी केली होती आणि तिची शिक्षा मात्र आमच्या शेजारच्या काकांनी भोगली.

गिरण्यांच्या संपाचं दुसरं वर्ष चालू होतं. आम्ही लालबागला चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आणि भिंतीला भिंत लागून राहणारे काका दुसऱ्या एका गिरणीत रंगखात्यात. दोघेही घरी बसलेले. पहिले काही महिने चाळीतल्या पुरुषांना सुट्टी लागल्यासारखं होतं, पत्ते काय, भजनं काय, सभा काय. मग एकेक जण कोकणात गावाला निघून गेला. काका गेले नाहीत, कारण त्यांच्या दोन मुली शाळेत होत्या. त्यांच्या नखांत निळा रंग कायमचा बसलेला असायचा. संपात नखं वाढत गेली, कापली गेली, आणि एक दिवस गॅलरीत नखं काढताना ते मला म्हणाले, "बघ गो बाय, आता मी खंयच्या खात्यातलो ता नखा बघून पण कळाचा नाय." म्हणाले हसून, पण नखं काढून झाल्यावरही ते बराच वेळ हात उलटेपालटे करून बघत बसले होते.

मी तेव्हा फोर्टाच्या बाजूच्या एका कॉलेजात एम.एस्सी. करत होते. अख्ख्या चाळीत एवढी शिकलेली मी एकटीच, त्यामुळे माझा तोरा विचारू नका. त्यात तोंडाची फटकळ. आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही. आमच्या लॅबमधला जुना हमाल काम सोडून गेला तेव्हा मीच सरांकडे काकांसाठी शब्द टाकला. सरांनी रोजंदारीवर घेतलं आणि म्हणाले, काम नीट केलं तर उन्हाळ्यात कायम करण्यासाठी लिहितो. त्या संध्याकाळी काकींनी चाळभर साखर वाटली. नोकरी काकांना लागली होती, पण लोक शाबासकी मला देत होते, आणि मी ती घेत होते.

काका लॅबमध्ये फार जीव लावून काम करायचे. चाळीत मी "बाय", पण कॉलेजात चारचौघांत ते मला "ताई" म्हणायचे. काचेची भांडी घासून अशी ठेवायचे की त्यात तोंड दिसावं. आणि पाण्याची त्यांना विलक्षण जाण होती. जन्म रंगाच्या हौदापाशी गेलेला. पाण्यात बोट बुडवून "साठ" म्हणायचे, थर्मामीटर लावला तर एकोणसाठ. आम्ही पोरंपोरी त्यांची परीक्षा घ्यायचो आणि ते लाजायचे.

आता माझ्या विषयाबद्दल थोडं सांगायला हवं, त्याशिवाय माझा गुन्हा कळणार नाही. एकाच रेणूची दोन टोकं आपसात जुळवायची, हे काम. मधली साखळी आखूड असली की टोकं जुळताना ओढाताण होते. ती ओढाताण सोसून रेणू शेवटी कुठलं रूप घेईल, हे आधीच कागदावर ओळखायचं आणि मग करून बघायचं. माझ्या आधीच्या मुलाच्या साखळीत सात कार्बन होते. त्याची टोकं सरळ जुळली होती, एकाला एक, दोनाला दोन. माझ्या साखळीत फक्त एक कार्बन कमी. मी म्हटलं, एकाने काय फरक पडतोय? वहीत ऐटीत बाण काढले आणि लिहून टाकलं, सरळच जुळणार. सरांनीही मान हलवली.

प्रयोग पाऱ्याच्या दिव्याखाली चालायचा. दिवा भयंकर तापतो, म्हणून त्याच्याभोवती काचेच्या पोकळ भिंतीतून सारखं थंड पाणी खेळवायचं. दिवसभर, आठ तास. कॉलेजात दुपारी पाण्याचा जोर कमी व्हायचा, तेव्हा नळी एका नळावरून काढून टाकीच्या नळाला लावावी लागायची. हे सगळं विद्यार्थ्याने स्वतः तिथे बसून बघायचं, असा सरांचा नियम होता. आणि नेमका त्या दिवशी गिरगावात माझ्या मैत्रिणीचा साखरपुडा! मी सकाळी दिवा लावला, काकांना म्हटलं, "जरा पाण्याकडे बघाल ना?" आणि साडी बदलून पळाले. परत आले तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. काका दिव्याच्या पेटीसमोर स्टुलावर बसले होते, डबासुद्धा तिथेच मांडीवर घेऊन खाल्ला होता. सहा वाजता मी दिवा बंद केला.

जे तयार झालं ते काय आहे हे बघण्याचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. नमुना एका मोठ्या संस्थेत पाठवायचा आणि आलेखाची वाट बघायची. आठवडाभराने आलेख आला. सरांनी तो सगळ्या लॅबसमोर माझ्या टेबलावर टाकला.

"हे काय आहे? तुमचा चौकोन कुठे आहे यात?"

आलेखातली शिखरं भलत्याच जागी होती. सर म्हणाले, "माल तापलेला दिसतोय. दिव्यापाशी कोण होतं?"

"काका होते, सर," मी म्हटलं. "पाणी कमी झालं असणार."

"आणि तुम्ही?"

"लायब्ररीत."

बघा, एका दमात दोन. पहिलं निदान "असणार" तरी होतं. दुसरं सरळसरळ खोटं.

सरांनी काकांना बोलावलं. काका हात पुसत आले, ऐकून घेतलं आणि खिशातून लाँगक्लॉथची एक लांब चिंधी काढली. तिला ओळीने गाठी मारलेल्या होत्या. "साहेब, आमच्या खात्यात पद्धत होती," ते म्हणाले. "एक फेरी बघितली की एक गाठ. मास्तर कधीपण मागायचा. त्या दिवशी दर अर्ध्या तासानं मी पाण्यात हात घातला, बघितलं, गाठ मारली. सोळा आहेत. मोजा तुम्ही. पाणी एकदम बरोबर होतं."

सरांनी ती चिंधी हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. सर वाईट नव्हते हो. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणता?" तेव्हा मी नुसतं "असेल सर" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण माझा बाण चुकला हे मला सहन होईना. आणि आलेख दिसताच अख्ख्या लॅबसमोर माझं हसं झालं होतं, त्याची आग झालेली.

मी म्हटलं, "काका, गाठी मारून पाणी वाहत नाही."

दोन-तीन पोरं फिसकन हसली. जळो माझी जीभ! काकांनी चिंधी परत घेतली, घडी केली, खिशात ठेवली. सरांनी त्यांना विचारलं, "या बाई खरंच लायब्ररीत होत्या का?" काकांनी माझ्याकडे बघितलं. साखरपुड्याची साडी त्यांनी पाहिली होती, गजराही पाहिला होता.

"हो साहेब," ते म्हणाले. "ताई येऊन-जाऊन होत्या."

शनिवारी त्यांना सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. आम्ही दोघं एकाच बसने लालबागला यायचो. त्या दिवशी मी मुद्दाम मागची बस घेतली.

आणि एक गोष्ट कबूल करते. पाणी खरंच थांबलं असतं तर दिवा तडकला असता. दिवा शाबूत होता. हे मला त्याच क्षणी सुचलं होतं का? सुचलं होतं. मी ते मनातल्या मनात दाबलं, म्हटलं, थांबलं नसेल, कमी झालं असेल.

पंधरा दिवसांनी मी प्रयोग परत केला. या वेळी आठही तास स्वतः बसले. दर दहा मिनिटांनी पाण्यात हात, बोटांची टोकं सुरकुतून पांढरी झाली. पाणी शेवटपर्यंत थंड. नमुना पाठवला, आलेख आला. मी जुना आणि नवा कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. रेघेवर रेघ बसली. केसाचासुद्धा फरक नव्हता.

म्हणजे पाण्याचा काही संबंधच नव्हता. पहिल्याही वेळी रेणू जसा व्हायचा तसाच झाला होता. चूक माझ्या बाणांत होती.

घरी आईने उसळीसाठी वाटाणे भिजत घातले होते. त्यातले सहा घेतले, काडेपेटीच्या काड्या घेतल्या आणि स्वयंपाकाच्या ओट्याशी फतकल मारून बसले. सरळ जोडायला जावं तर काडी वाटाणा फाडून बाहेर येई. मग एका टोकाचा पहिला वाटाणा आणि दुसऱ्या टोकाचा आतला वाटाणा, असं जोडून बघितलं. पाच वाटाण्यांचं कडं आरामात बसलं. पाचाचं कडं आधी जुळतं, त्याला फारसा ताण नाही. मग उरलेल्या दोघांना एकमेकांखेरीज कुणी उरत नाही, ती तिरकी जुळतात. ब्लाउजचे हुक घाईत एक घर सोडून लागावेत तसं. सात कार्बनच्या साखळीत हेच पाचाचं कडं वेगळ्या जागी पडतं आणि शेवट सरळ होतो. एका कार्बनने सगळा फरक पडला होता. नंतर कळलं, हे परदेशातल्या एका मासिकात कधीच छापून आलं होतं. आमच्या लायब्ररीत तो अंक होता. त्या दिवशी मी खरंच लायब्ररीत असते तर वाचला असता.

वाटाण्यांचा तो ठेंगणा, वाकडा सांगाडा हातात धरून बसले होते तेव्हा भिंतीपलीकडून काकींचा आवाज येत होता. "तुमका एक दिवस जागं राहूक होईना? बसल्या जागी डुलक्या काढतास! पोरीन शब्द टाकून काम दिल्यान, तिचाच नाश केलात!" मला उठून चार पावलं जायचं होतं. दार उघडंच असायचं. मी आईला म्हटलं, वाटाणे अजून थोडे भिजायला हवेत.

सरांना मी दुसऱ्या दिवशी तिरक्या जोडणीचं सांगितलं. सर खुर्चीतून उठले. "शाब्बास! हे उत्तम आहे. प्रबंधात हाच भाग पुढे घ्या." मी उभी राहिले. वाटलं, आता हे विचारतील, म्हणजे पहिला नमुनाही बरोबर होता तर? त्या माणसाची चूक नव्हती तर? सरांनी विचारलं नाही. त्यांच्या ते डोक्यातूनही गेलं असेल. मी सांगितलं असतं तर त्या दिवसाची पुन्हा चौकशी होऊन लायब्ररीचं खोटं बाहेर आलं असतं, आणि तोंडी परीक्षा महिन्यावर होती. मी स्वतःला म्हटलं, परीक्षा झाली की सांगते. परीक्षा झाली तोवर काकांच्या जागी दुसरा माणूस आला होता. मग म्हटलं, रिझल्ट लागू दे. मग म्हटलं, आता सांगून त्यांना काय मिळणार? निमित्तं शोधायला माझ्याइतकी हुशार मुलगी अख्ख्या गिरणगावात नव्हती.

फर्स्ट क्लास मिळाला. वडिलांनी पेढे आणले, मी चाळीत वाटत फिरले. काकांच्या दारात गेले तेव्हा ते उठून उभे राहिले. पेढा हातात धरला आणि म्हणाले, "बाय, माझ्यामुळे तुझ्या कामात खोट इली. मनात ठेव नको हां."

मी म्हटलं, "काका, तुम्ही तर सोळा गाठी..."

"गाठी होत्यो खऱ्या," ते म्हणाले. "पण मधीच डोळो लागलो असतलो. तू शिकलेली, तू उगाच कशाक बोलशीत?"

हे ऐकून तरी मी बोलायला हवं होतं की नाही? मी काय म्हटलं सांगू? म्हटलं, "जाऊ दे काका, झालं गेलं." मी त्यांना माफ केलं! मी! आणि त्या माणसाने मला हात जोडले.

काकांची गिरणी पुन्हा उघडली ती थोड्याच माणसांसाठी, त्यांत काकांचा नंबर लागला नाही. प्रभादेवीला एका इमारतीच्या दाराशी ते वॉचमन म्हणून उभे राहिले, ते म्हातारे होईपर्यंत. त्यांची मोठी मुलगी शास्त्रात हुशार होती, मीच तिला शिकवायचे. दहावीनंतर ती शिवणाच्या कारखान्यात गेली. लॅबमधली जागा कायम झाली असती तर ती शिकली असती, असं काकी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी लग्न होऊन दादरला गेले, प्राध्यापक झाले, मोठी झाले. गणपतीला चाळीत गेले की काका बाकावरची जागा पुसून मला बसायला द्यायचे. मी बसायचे.

मग चाळ पडली, तिच्या जागी टॉवर उभा राहिला आणि काकांना एकोणिसाव्या मजल्यावर घर मिळालं. पूजेचं आमंत्रण आलं. मी पूजेच्या दिवशी गेले नाही, दोन दिवसांनी दुपारी गेले, घरात दोघंच असतील म्हणून. त्या वर्षी मी रिटायर झाले होते. निरोपसमारंभात कुणीतरी माझ्या प्रामाणिकपणावर बोललं होतं आणि त्या रात्रीपासून मला सारखी ती सोळा गाठींची चिंधी आठवत होती. या वेळी सगळं सांगायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, असं मी लिफ्टमध्ये स्वतःला बजावलं.

काका खिडकीशी खुर्चीत बसले होते. हात थरथरत होते, पण कान तिखट. काकींनी मला घर दाखवलं, आणि दाखवता दाखवता त्यांची जुनी टकळी सुरू झाली. "घर झाला खरा, पण पेन्शन नाय. त्या दिवशी ह्ये झोपले नसते तर कॉलेजची पेन्शन इली असती." काका खिडकीबाहेर बघत राहिले. हे वाक्य त्यांनी किती वेळा ऐकलं असेल!

"काकी, काका झोपले नव्हते," मी म्हटलं. "पाणी बंद पडलं नव्हतं. कमीसुद्धा झालं नव्हतं. काकांचं सगळं बरोबर होतं. चूक माझी होती."

काकींनी हातातला डबा खाली ठेवला. काकांनी मान वळवली. मला वाटलं होतं, चिडतील, रडतील, म्हणतील, बघ मी सांगत होतो. पण त्यांनी एकच विचारलं.

"कधी कळला तुका?"

पंधरा दिवसांनी, काका. तुम्हाला काढलं त्यानंतर पंधरा दिवसांनी. एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. समोर त्यांचे ते डोळे, उत्तराची वाट बघणारे.

"आत्ताच," मी म्हटलं. "गेल्या महिन्यात. नवीन मशीन आलंय, त्यात जुना नमुना घालून बघितला."

काकांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. ते काकींकडे वळले. "आयकलंस? मी जागो होतंय. सोळाच्या सोळा वेळा जागो होतंय!" मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "आणि हिका बघ. एवढी मोठी प्रोफेसरीण, पण कळल्याबरोबर धावत इली. दुसरा कोण इला असता? जा, च्या ठेव तिका."

काकी डोळ्यांना पदर लावत आत गेल्या. काकांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही, चहा येईपर्यंत. चहा आला. कप रिकामा होईपर्यंत खरं सांगायला वेळ होता. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि काकींना म्हटलं, छान झालाय.